मालदिनी चाळिशीपर्यंत टिकला तो कशाच्या जोरावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, उजव्या पायाचा. शाळेच्या टीममध्ये सरांनी त्याला डावा बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, केलंय आणि तो रुसलाय, कारण त्याला फॉरवर्ड खेळायचंय. वडिलांनी त्याला एसी मिलान या इटालियन क्लबाच्या पावलो मालदिनीचं, एका डिफेंडरचं, उदाहरण दिलं, तर पोरानं उलट मोबाईलवरचं एक वाक्य दाखवलं: मालदिनी म्हणे टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणं) करतच नसे, टॅकल करावा लागला म्हणजे चूक आधीच झालेली असते. वडील विचारतात, हे कितपत खरं? आणि डिफेंडरसारख्या मार खायच्या जागेवर हा माणूस एकाच क्लबात पंचवीस मोसम टिकला कसा?

मी स्वतः स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, म्हणून खेळलो आणि नंतर कोल्हापुरात पोरांना शिकवत आलो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी ते वाक्य. ते त्याच्या नावावर फिरतं खरं, पण शब्दशः घेतलं तर पोरांचं नुकसान करतं. मालदिनी टॅकल करायचा. घसरूनसुद्धा करायचा, आणि इतका स्वच्छ की चेंडू याच्या पायात आणि फॉरवर्ड हात पसरून रेफ्रीकडे बघतोय. फरक एवढाच की त्याला ते उठसूट करावं लागायचं नाही. एका सामन्यात दहा वेळा जमिनीवर लोळणारा बॅक प्रेक्षकांना लढवय्या वाटतो, आमच्या शाहू स्टेडियमवर तर अशा बॅकला शिट्ट्याच शिट्ट्या. कोचला मात्र तो दहा वेळा उशिरा पोचलेला दिसतो. त्या वाक्यात जे खरं आहे ते एवढंच.

मग मालदिनी वेळेवर कसा पोचायचा? त्याची उंची सहा फुटांच्या वर, वेग चांगला, दोन्ही पाय चालणारे, हेडर उत्तम. हे सगळं होतंच. पण असं अंग घेऊन आलेले डिफेंडर प्रत्येक पिढीत दहा-वीस तरी असतात आणि तिशी गाठेपर्यंत विसरलेही जातात. माझं मत विचाराल तर मालदिनी ओळीत घडला. म्हणजे चार जणांच्या बॅक लाईनमध्ये. नुसता तो बघून तो कळत नाही, शेजारी कोण उभं होतं ते बघावं लागतं.

जन्म 26 जून 1968, मिलान शहरात. वडील चेझारे मालदिनी हे एसी मिलानचेच डिफेंडर आणि कर्णधार. 1963 मध्ये वेम्बलीवर बेनफिकाला 2-1 हरवून क्लबचा पहिला युरोपियन कप त्यांनी उचलला. अशा बापाचं आडनाव पाठीवर घेऊन त्याच क्लबाच्या पोरांमध्ये खेळणं काय असतं, हे आमच्या पेठांमधल्या पोरांना सांगायला नको. आजोबा, बाप, चुलता सगळे एकाच तालमीकडून खेळलेले असले की पोरानं एक चेंडू चुकवला तरी गॅलरीतून घराण्याचा उद्धार होतो.

20 जानेवारी 1985 ला उदिनेझेविरुद्ध, त्यांच्या मैदानावर, तो बदली खेळाडू म्हणून उतरला. वय सोळा, निकाल 1-1. कोच होते निल्स लिडहोम, स्वीडिश माणूस, स्वतः एकेकाळी मिलानकडून खेळलेले. त्या मोसमात लीगमध्ये मालदिनीला तो एकच सामना मिळाला. पुढच्या मोसमापासून मात्र तो कायमचा आत आला. लिडहोमचं नाव लोक पटकन विसरतात. इटलीत तेव्हा मॅन टू मॅन मार्किंग आणि मागे एक मोकळा स्वीपर ही पद्धत रुळलेली होती. लिडहोम त्या काळातही झोनल खेळवायचे. म्हणजे मालदिनीला पहिल्यापासून माणूस धरायला नाही, जागा धरायला शिकवलं गेलं. तुमच्या मुलाच्या वयात पाया असा पडला तर पुढचं खूप सोपं जातं.

1987 मध्ये आरिगो साक्की आले आणि खरी भट्टी पेटली. साक्की स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले नव्हते, त्यावरून त्यांना टोमणेही भरपूर बसले. त्यांची बॅक लाईन म्हणजे उजवीकडे तासोत्ती, मध्ये कोस्ताकुर्ता किंवा फिलिप्पो गाल्ली आणि त्यांच्या शेजारी कर्णधार बारेसी, डावीकडे मालदिनी. सगळ्यात मागचा डिफेंडर आणि सगळ्यात पुढचा फॉरवर्ड यांच्यात पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. सरावात ते अकरा जणांना मैदानावर उभे करायचे, पण चेंडू द्यायचे नाहीत. चेंडू अमुक ठिकाणी आहे असं नुसतं ओरडून सांगायचं आणि सगळ्यांनी त्याप्रमाणे सरकायचं. हे बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणा वाटेल. मी आमच्या पोरांवर हे करून बघतो तेव्हा पहिले काही दिवस ती हसतात, चेंडू द्या की सर म्हणून मागे लागतात. पण ज्याला हे जमतं त्याला सामन्यात चेंडूच्या मागे धावावं लागत नाही.

साक्कींनी सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. टीममधले गुलिट आणि व्हान बास्टेन यांना हे सगळं पटेना, तेव्हा साक्कींनी पैज लावली. एका बाजूला पाच जण: गोलकीपर जोव्हान्नी गाल्ली आणि तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी ही ओळ. दुसऱ्या बाजूला दहा, त्यात गुलिट, व्हान बास्टेन, रायकार्ड, डोनाडोनी, अँचेलोत्ती. दहा जणांनी पंधरा मिनिटांत एक गोल करून दाखवायचा. अट एकच, चेंडू गमावला की पुन्हा आपल्या हाफमधून सुरुवात. साक्की म्हणतात, एकदाही गोल झाला नाही.

आता या पाचांत मालदिनीचं काम काय होतं ते जरा जवळून बघू, कारण तुमच्या मुलाची जागा तीच आहे. चेंडू समोरच्या टीमच्या डावीकडे, म्हणजे आपल्या उजव्या बॅकच्या बाजूला आहे असं धरा. अशा वेळी आपला डावा बॅक टचलाईनला चिकटून उभा राहत नाही. तो आत सरकतो, जवळजवळ लांबच्या पोलच्या रेषेत येतो आणि स्टॉपरला कव्हर देतो. समोरच्या टीमचा विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा फॉरवर्ड, पलीकडे टचलाईनवर एकटा हात वर करून उभा. बाहेरून पालक ओरडत असतात, “अरे मार्क कर, मोकळा आहे तो!” राहू दे मोकळा. तिथं चेंडू पोचायला मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उंच पास लागतो, तो हवेत असताना बॅकला बाहेर निघायला वेळ मिळतो. उलट तो बाहेरच थांबला तर त्याच्या आणि स्टॉपरच्या मधल्या फटीत एक सरळ पास पडतो आणि खेळ खलास. मालदिनी हे आत-बाहेर सरकणं अखंड करायचा आणि दर वेळी मान वळवून पाठीमागचा माणूस बघून घ्यायचा. टीव्हीवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. म्हणून लोकांना वाटतं की तो काही न करता चेंडू मिळवतो.

या ओळीच्या जोरावर 1988 चं लीग विजेतेपद आलं, मग 1989 मध्ये बार्सिलोनात स्तेआउआ बुखारेस्टवर 4-0 आणि 1990 मध्ये व्हिएन्नात बेनफिकावर 1-0, असे लागोपाठ दोन युरोपियन कप. बाविसाव्या वाढदिवसाच्या आत दोन्ही. पुढे नवे कोच फाबियो कापेल्लो यांच्या हाताखाली मिलाननं 1991-92 ची लीग एकही सामना न हरता जिंकली. 1993-94 मध्ये तर 34 सामन्यांत फक्त 36 गोल केले आणि तरी विजेते झाले, कारण खाल्ले होते 15. चौतीस सामन्यांत पंधरा! आमच्याकडे एका स्पर्धेत एवढे खाऊन टीम घरी येते आणि दोष रेफ्रीला देते.

टॅकलकडे परत येतो. समोरासमोर विंगर आला की पोरं दोन चुका करतात. एक तर अंग सरळ चौकोनी ठेवून उभी राहतात, मग चेंडू दोन पायांमधून जातो. किंवा चेंडूवर झेप टाकतात. मालदिनीची ठेवण बघा: अंग अर्धं वळलेलं, एक पाय पुढे, गुडघे सैल, टाचा जमिनीला न टेकलेल्या. अंतर साधारण हातभर-दीड हात, त्याहून जवळ नाही. तो मागे सरकत राहतो आणि सरकता सरकता विंगरला हवी ती वाट बंद करून नको असलेली उघडी ठेवतो. कबड्डीतला पक्का कोपरा रक्षक जसा चढाईवाल्याच्या हुलकावणीला हलत नाही, त्याचा पाय लांब पडेपर्यंत दम धरतो, तसाच हा धीर. चेंडू विंगरच्या पायाला चिकटलेला आहे तोवर हात लावायचा नाही. जोर मारण्यासाठी तो चेंडू पायापासून थोडा पुढे ढकलणारच. त्या ढकललेल्या चेंडूवर आपला पाय आधी पडला पाहिजे. सगळा टॅकल एवढाच आहे. आणि विंगर घाई करतो, कारण मागून मिडफिल्डर परत येतोय हे त्यालाही माहीत असतं. म्हणजे बॅक जितका वेळ काढेल तितका तो वरचढ होत जातो. पंधरा वर्षांच्या पोराला हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण त्या वयात थांबणं म्हणजे घाबरणं वाटतं.

उजव्या पायाचा डावा बॅक हा तुमचा दुसरा मुद्दा. मालदिनीसुद्धा मूळचा उजव्या पायाचाच. लोकांना वाटतं त्यामुळे बचावात तोटा होतो. कागदावर काढून बघा. डावा बॅक विंगरकडे तोंड करून उभा आहे, टचलाईन त्याच्या डाव्या हाताला. विंगर आत वळला तर तो बॅकच्या उजव्या बाजूनं जाणार, म्हणजे नेमका जोरकस पायाच्या टप्प्यातून. समजा तो बाहेरून सुटला आणि बॅकला वळून आपल्या गोलकडे पळावं लागलं. आता टचलाईन कुठे आली? उजव्या हाताला! क्रॉस अडवायला घसरून जो पाय टाकायचा तो पुन्हा उजवाच. बचावाला उजवा पाय बाधत नाही, उलट कामाला येतो.

अडचण येते चेंडू मिळाल्यावर. स्टॉपरनं दिलेला पास बॅकनं उजव्या पायावर घेतला की तोंड आपोआप आतल्या बाजूला वळतं आणि समोरचा फॉरवर्ड तिथंच टपून असतो. ओव्हरलॅप करून, म्हणजे आपल्या विंगरच्या बाहेरून, पुढे गेलात आणि क्रॉससाठी चेंडू उजव्यावर ओढून घेत बसलात, तर तेवढ्यात दोन डिफेंडर परत पोचतात. मालदिनीनं डावा पाय इतका तयार केला होता की मूळचा पाय कुठला हे नवख्याला ओळखता येत नसे. तुमच्या मुलाला डावा पाय भिंतीवर घोटू दे. रोज थोडा वेळ, कंटाळा येईपर्यंत. सरांनी त्याला तिथं टाकलं ते शिक्षा म्हणून नसावं. दोन्ही पाय चालवणाऱ्या पोराकडेच कोच अशी जागा सोपवतो.

आता तो टिकला कसा याकडे. मला यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग जागाबदलाचा वाटतो. 18 मे 1994, अथेन्स, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे जुन्या युरोपियन कपचीच, फायनल, समोर योहान क्रायफची बार्सिलोना, पुढे रोमारिओ आणि स्टॉइचकॉव्ह. मिलानचे दोन्ही स्टॉपर, बारेसी आणि कोस्ताकुर्ता, निलंबित. बहुतेकांनी बार्सिलोनाला आधीच कप देऊन टाकला होता. कापेल्लोंनी मालदिनीला डावीकडून उचलून मध्ये फिलिप्पो गाल्लीशेजारी उभं केलं आणि डाव्या बाजूला पानुच्चीला टाकलं. मिलान जिंकलं 4-0. लोकांना मिलानच्या साविचेविचनं गोलकीपरच्या डोक्यावरून टाकलेला गोल आठवतो, आणि तो आहेच तसा. मी त्या सामन्यात रोमारिओ बघतो. त्याला वळायला जागाच मिळत नाही. पाच-सात वर्षं बारेसीच्या शेजारी राहून मालदिनीनं जे बघितलं, ऐकलं, शिव्या खाल्ल्या, ते सगळं त्या रात्री कामाला आलं.

महिन्याभरानं अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये बारेसीचा गुडघा गेला तेव्हा आता इटलीचे कोच असलेल्या साक्कींनीही मालदिनीला मध्ये घेतलं. बारेसी ऑपरेशन करून फायनलला परतले, ब्राझीलविरुद्ध 120 मिनिटं 0-0, आणि पेनल्टीवर इटली हरली. त्या वर्षी ‘वर्ल्ड सॉकर’ मासिकानं मालदिनीला जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. डिफेंडरला तो मान पहिल्यांदाच मिळाला. बालोन दोर या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. बॅकची किंमत करायची म्हटलं की मतदारांचा हात आखडतो, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

1997 ला बारेसी निवृत्त झाले आणि कर्णधारपद मालदिनीकडे आलं. तेव्हा मिलान ढासळलं होतं: 1996-97 मध्ये अकरावा नंबर, त्यानंतर दहावा. चरित्र लिहिणारे ही दोन वर्षं भरभर उलटतात. मला ती महत्त्वाची वाटतात. तोच माणूस, तेच कौशल्य, पण शेजारची ओळ मोडली तर मालदिनीही वाचवू शकला नाही. 1998-99 मध्ये नवे कोच झाकेरोनी यांनी मागे तिघांची पद्धत आणली, मालदिनी त्यात डावीकडचा स्टॉपर झाला आणि लीग परत आली. 2002 मध्ये लाझिओ क्लबाकडून स्टॉपर नेस्ता आला आणि पस्तिशीकडे झुकलेल्या मालदिनीला शेजारी पुन्हा तोलामोलाचा माणूस मिळाला. वेग कमी होत जातो तेव्हा विंगरच्या मागे टचलाईनभर पळायचं काम तरुणाला द्यायचं आणि आपण मध्ये येऊन दोन पावलं आधी विचार करायचा. तो मुख्यतः असाच टिकला. पण हे ऐन वेळी जमत नाही. विशीतच शेजारच्याचं काम शिकून ठेवलेलं असावं लागतं.

2003 ची चॅम्पियन्स लीग फायनल मॅंचेस्टरला झाली, समोर युव्हेंटस. 120 मिनिटं गोल नाही, पेनल्टीवर मिलान 3-2. वडिलांनी इंग्लंडमध्ये कप उचलला त्याला चाळीस वर्षं झाली होती; पोरानं तो इंग्लंडमध्येच उचलला.

2005 चं इस्तंबूल मात्र आमच्या पिढीतल्या कुणालाच विसरता येणार नाही. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, आणि पहिलं मिनिट पुरं व्हायच्या आत पिर्लोच्या फ्री किकवर मालदिनीनं उजव्या पायानं चेंडू जाळ्यात घातला. वय 36. युरोपियन कपच्या फायनलमध्ये त्याच्याइतक्या लवकर किंवा त्याच्या वयात तोवर कुणीच गोल केला नव्हता. हाफ टाइमला 3-0. मग लिव्हरपूलनं सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि पेनल्टीवर कप नेला. जगातली इतकी अनुभवी बॅक लाईन, काफू, स्टाम, नेस्ता, मालदिनी, आणि सहा मिनिटं तिला सूर सापडेना. मी पोरांना ती सहा मिनिटं दाखवतो. ओळ किती मागे जात राहते ते बघायला सांगतो. दोन वर्षांनी त्याच लिव्हरपूलला अथेन्समध्ये 2-1 हरवून त्याचा पाचवा कप आला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, कर्णधार म्हणून. स्टेडियम तेच, 1994 चं.

म्हणजे युरोपियन कपच्या आठ फायनल, पाच जिंकल्या, तीन हरल्या. सात लीग विजेतेपदं. मिलानकडून सगळ्या स्पर्धा धरून 902 सामने, त्यातले 647 इटलीच्या सर्वोच्च लीगमधले. लीगचा तो विक्रम 2020 मध्ये बुफ्फॉननं मोडला, आणि तो गोलकीपर आहे हे ध्यानात घ्या.

देशाकडून मात्र हाताला काही लागलं नाही. 126 सामने, चार वर्ल्ड कप, त्यातल्या 1998 मध्ये तर कोच म्हणून खुद्द वडील. 1990 ला घरच्या मैदानावर तिसरा नंबर, 1994 ला फायनलची हार, 2000 च्या युरोत फायनलला फ्रान्सचा गोल्डन गोल (जादा वेळेतला पहिला गोल, तो झाला की सामना तिथंच संपायचा). त्या युरोच्या सेमीफायनलला अॅमस्टरडॅममध्ये मालदिनीची स्वतःची पेनल्टी अडवली गेली होती, गोलकीपर तोल्दोनं जीव लावला म्हणून इटली पुढे गेली. शेवट 2002 मध्ये कोरियात: आन जुंग-ह्वाननं मालदिनीच्या डोक्यावरून हेडर मारला, गोल्डन गोल, इटली बाहेर. त्यानंतर तो देशाकडून खेळला नाही आणि चारच वर्षांनी इटली वर्ल्ड कप जिंकली. नशीब म्हणा. तुमच्या मुलाला हेही सांगा, नाहीतर त्याला वाटेल मोठ्या खेळाडूच्या डोक्यावरून कुणी हेडर मारतच नाही.

शेवटच्या काही वर्षांत गुडघ्यांनी त्याला छळलं. सराव मोजून, सामने निवडून तो खेळला. मिलानमध्ये 2002 पासून ‘मिलान लॅब’ नावाची व्यवस्था होती, खेळाडूंचं शरीर सतत तपासणारी; तिशीपुढच्या खेळाडूंना तिचा उपयोग झाला असं मानतात. झाला असेलच, पण मला वाटतं त्याहून जास्त उपयोग त्याच्या खेळण्याच्या पद्धतीचा झाला. जो कमी लोळतो, कमी धडकतो, कमी उशिरा पोचतो, त्याचं अंग कमी झिजतं.

निरोपही सरळ झाला नाही. 24 मे 2009 ला सान सिरोवर शेवटचा घरचा सामना, रोमाकडून 2-3 हार, आणि मैदानाला फेरी मारताना मिलानच्याच कट्टर समर्थकांच्या एका गटानं निषेधाच्या शिट्ट्या मारल्या. बारेसीचा 6 नंबर मिरवून कर्णधार एकच असं सुनावलं. त्या गटाशी त्यानं कधी गोडीगुलाबी ठेवली नव्हती. आठवड्यानं फ्लॉरेन्सला शेवटचा सामना झाला तेव्हा तिथल्या परक्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढे 2018 मध्ये तो क्लबात अधिकारी म्हणून परतला, 2019 मध्ये तेओ एर्नांदेझ हा डावा बॅक आणला, 2022 मध्ये लीग जिंकून दिली आणि 2023 च्या जूनमध्ये नव्या मालकांनी त्याला काढलं. मध्येच 2017 ला मिलानमधल्या एका व्यावसायिक टेनिस स्पर्धेत डबल्सही खेळून आला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. 6-1, 6-1 हरला. नाद असतो एकेकाला.

आता मुलाच्या फॉरवर्ड होण्याबद्दल. क्लबानं मालदिनीचा 3 नंबर निवृत्त केला, तो फक्त त्याच्या मुलांपैकी कुणी पहिल्या टीमकडून खेळलं तरच देता येईल अशी सोय ठेवून. धाकटा दानिएल खेळला, 2020 मध्ये मिलानकडून पदार्पण केलं, पुढे इटलीकडूनही. आजोबा बॅक, बाप बॅक, आणि हा पुढे खेळणारा. त्यानं नंबरही 27 घेतला. तेव्हा पोरावर जबरदस्ती नको. दोन मोसम डावा बॅक खेळू दे, फॉरवर्ड व्हायचं असेल तर बॅकला काय टोचतं हे त्याला आतून कळेल.

बघायला सांगायचं असेल तर 2003 ची फायनल पूर्ण बघू दे, गोलांचे तुकडे नकोत. तसेही त्यात गोल नाहीत. बहुतेकांना तो सामना रटाळ वाटतो. त्याला फक्त 3 नंबर बघायला सांगा आणि चेंडू लांब असताना तो किती वेळा मान वळवतो ते मोजायला लावा. आणि घसरून टॅकलचा सराव आत्ता उन्हाळ्यात नको. आपली मैदानं मे महिन्यात सिमेंटसारखी कडक होतात, मांडीची सालटी निघतात आणि पोरगं एकदा भ्यालं की वर्षभर पाय टाकत नाही. पाऊस पडून गवत आलं की सरांनाच सांगा, आधी बसून, मग चालत्या चेंडूवर, मग माणसावर, अशा क्रमानं घ्यायला.